गळा नसलेली गाणी

परवा सकाळी बाल्कनीचं दार उघडलं, तर समोरची इमारत नव्हती. खालचा रस्ता नव्हता, बागेतला कडुनिंब नव्हता. कुठेतरी दूधवाल्याच्या मोटरसायकलचा आवाज येत होता, पण ती कुठल्या बाजूनं चालली आहे ते कळत नव्हतं. आपल्याकडे धुकं म्हणजे घाटातली गंमत. लोक गाडी थांबवून फोटो काढतात आणि ऊन वर आलं की ते जातं. इथं मोहालीत ते मुक्कामाला येतं. दुपारी जरा मागे सरतं, संध्याकाळी पुन्हा दाराशी हजर. मी शाल ओढून घेतली आणि तशीच उभी राहिले. धुकं पडलं की माझा हात अजूनही गाडीच्या किल्लीकडे जातो.

काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात मी रोज सकाळी नानांना गाडीत घालून मोहालीहून चंदीगडच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात नेत होते. नाना म्हणजे माझे सासरे. जालन्याजवळच्या एका गावचे. मार्केट यार्डात हर्रास पुकारायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं. तुरीच्या, सोयाबीनच्या ढिगाशी उभं राहायचं, भोवती व्यापारी, आणि बोली चढवत न्यायची. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांना तिथं पाहिलं, तेव्हा घरात चार शब्दांवर पाचवा न बोलणारा हा माणूस शंभर लोकांच्या कालव्याच्या वर आपला आवाज अलगद ठेवत होता. त्यात ओरडणं नव्हतं. तो आवाज नुसता सगळ्यांच्या वरून जात होता.

त्याच गळ्यात कॅन्सर निघाला. संभाजीनगरच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. माझा नवरा संदीप त्या वेळी गुरगावला नव्या नोकरीत, शनिवार-रविवार घरी येणारा. मी मोहालीतल्या कंपनीत, बरंचसं काम घरून. संदीप म्हणाला, इथं दाखवू. इथले डॉक्टर म्हणाले, शेक, म्हणजे रेडिएशन, देऊन बघू, आवाज वाचण्याची शक्यता आहे. साडेसहा आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झालेली. नाना एक पत्र्याची पेटी आणि घोंगडी घेऊन आमच्याकडे आले, आणि त्यांना रोज नेणं-आणणं माझ्या वाट्याला आलं.

सून आणि सासरे, एका बंद गाडीत, रोज येऊन-जाऊन दीड-दोन तास. बोलायचं काय? बोलल्यानं त्यांचा घसा दुखायचा, आणि न बोलणं मला सहन व्हायचं नाही. काचेबाहेर पांढरं. मधूनच समोरच्या गाडीचे लाल दिवे उगवायचे आणि मी ब्रेकवर पाय ठेवायचे. चौकामागून चौक, सगळे गोल, सगळे सारखे, पाट्यांवर नुसते सेक्टरचे आकडे. एकदा नाना हळूच म्हणाले, "हितं गावाला नावं देत न्हाईत का? नुसते आकडेच." मी हसले. त्या आठवड्यातलं आमचं तेवढंच संभाषण.

मी फोनवर गाणी लावली. गाडी जुनी, आधीच्या मालकाकडून घेतलेली. तिच्या स्टीरिओला सीडीची फट आणि रेडिओ, बाकी काही नाही. त्यामुळे फोन डॅशबोर्डवर उभा करायचा आणि त्याच्या चिरक्या आवाजात ऐकायचं. मधेच ऑफिसचा फोन यायचा, गाणं तुटायचं, माझी नजर तिकडे जायची. एका चौकात समोर अचानक ट्रॅक्टरची ट्रॉली आली. आम्ही थोडक्यात वाचलो. नानांनी हात पुढे करून फोन पालथा केला.

"धुक्यात समोर बघ, मंजू," ते म्हणाले. "गाणं नसलं तरी माणूस मरत न्हाई."

त्या दिवशी मी सीडी करायच्या ठरवल्या.

आता सीडी करणं म्हणजे विसरलेलं व्याकरण पुन्हा शिकणं. कॉलेजात असताना आम्ही ढिगानं करायचो. आता लॅपटॉपला ती खाचच नसते. ऑफिसातल्या हरप्रीतकडे बाहेरून जोडायचा रायटर होता. तो म्हणाला, "सीडी? गाड़ी के लिए? मैडम जी, नया स्टीरिओ लगवा लो." मग मी कारण सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यानं रायटर आणून माझ्या टेबलावर ठेवला आणि एवढंच म्हणाला, "स्पीड कम रखना. जल्दी में जलाओगे तो पुरानी गाड़ी पढ़ेगी नहीं." कोऱ्या सीडी सेक्टर बावीसच्या बाजारात एका स्टेशनरीवाल्यानं माळ्यावरून काढून दिल्या. गठ्ठ्यावर धुळीचा थर होता.

पहिली सीडी गाडीनं घेतली, आत घरघर केली आणि बाहेर ढकलली. फोनवरून उचललेल्या गाण्यांच्या फाइली तिला कळणाऱ्या जातीच्या नव्हत्या. दुसऱ्या वेळी ती जात बदलली, पण शेवटी सीडी बंद करून घ्यायची, म्हणजे 'फायनलाइज' करायची, राहिली. तिसरी लागली. स्टीरिओच्या पडद्यावर गाण्याच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं सरकत होती, कारण मी नावं देवनागरीत दिली होती. मग इंग्रजी अक्षरांत लिहिली, पुढे आकडे घातले, म्हणजे क्रम बिघडू नये. एक गाणं मोठ्यानं आणि पुढचं पुटपुटल्यासारखं, असं व्हायचं. नाना दचकायचे. म्हणून सगळ्यांचा आवाज एका पातळीवर आणला. दुपारी ऑफिसच्या मीटिंगांमधल्या फटीत मी हे करत बसायचे. लॅपटॉपवरची पट्टी हळूहळू हिरवी होत पुढे सरकायची. ती भरेपर्यंत मला दुसरा विचार करावा लागायचा नाही. औषधं नाहीत, रक्ताचे रिपोर्ट नाहीत, फक्त ती पट्टी.

पहिल्यांदा मी अभंग भरले होते. आजारी माणूस म्हटला की आपला हात आधी तिकडेच जातो. नातेवाईकही फोनवर तेच पाठवत होते. नानांनी दोन ऐकले, तिसऱ्याला म्हणाले, "हे काढ. मी अजून मेलो न्हाई."

"मग काय लावू?"

 ते खाली मान घालून म्हणाले, "फडावरचं असंल काही तर बघ. ढोलकीचं."

सासऱ्यांनी सुनेला लावणी लावायला सांगायची, हे दोघांनाही जड गेलं. मी शोधल्या, भरल्या. पुढे रोज सकाळी दक्षिण मार्गावरच्या त्या पांढऱ्या भिंतीतून आमची गाडी हळूहळू जायची, मागचे-पुढचे दिवे लुकलुकत, आणि आत ढोलकी कडाडत असायची. एखादी ओळ फारच धीट आली की नाना खोकल्याचं निमित्त करून आवाज कमी करायचे आणि ती गेली की वाढवायचे. मी समोर बघत गाडी चालवायचे. तेवढे दोन आठवडे बरे गेले. आता मागे वळून बघताना वाटतं, त्या हिवाळ्यात ऊन पडलं ते तेवढंच.

रुग्णालयाबाहेर लंगरची रांग असायची. दूरदूरच्या गावांतून आलेली माणसं, घोंगड्या, स्टोव्ह, प्लास्टिकच्या पिशव्यांतले एक्सरे. आत नानांना टेबलावर झोपवायचे आणि चेहऱ्यावर त्यांच्याच मापाचा जाळीचा मुखवटा ठेवून टेबलाला घट्ट बसवायचे, मान हलू नये म्हणून. बाहेर आले की त्यांच्या कपाळावर, गालांवर जाळीचे वळ उठलेले असायचे. ते मफलर गुंडाळून घ्यायचे आणि मान ताठ ठेवून माझ्या पुढे चालायचे. तिसऱ्या आठवड्यानंतर मानेची कातडी काळी पडली, मग सोलायला लागली. तोंड आतून सोलवटलं. पेज, ताक, पातळ खिमट, तेही घोटाघोटानं, डोळे मिटून. आणि आवाज. रोज थोडा थोडा जात गेला. आधी खरखर, मग फुसफुस. मग एका सकाळी त्यांनी मला हाक मारली असणार आणि ती मला ऐकूच आली नाही. ते माझ्या मागे येऊन उभे राहिले, तेव्हा कळलं.

डॉक्टर म्हणाले, हे होणारच होतं. सूज उतरली की आवाज येईल, बहुतेक. त्या "बहुतेक"वर नानांची नजर खिळलेली मी पाहिली.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी गाडी रुग्णालयाच्या आवारात उभी केली. सीडी चालू होती. नानांनी बटण दाबून ती बाहेर काढली, हातात धरली. उतरेनात.

"नाना, नंबर येईल आता."

त्यांनी मान हलवली. मला त्यांच्या तोंडाजवळ कान न्यावा लागला. "गाणी बंद कर आता. दुसऱ्याचा गळा ऐकवंना मला." मग म्हणाले, "आन् हे पन बास. गावाकडं सोड."

मी समजावलं, विनवलं. ड्रायव्हरच्या बाजूनं उतरून त्यांच्या दाराशी जाऊन उभी राहिले. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. नाना सीडीवरच्या रंगांकडे बघत बसले होते. शेवटी मी आत जाऊन सांगितलं की आज येत नाही. तिथल्या बाईंनी बजावलं, खंड पाडू नका, त्यानं नुकसान होतं. मी नानांना घेऊन घरी आले. येताना गाडीत नुसता वायपरचा आवाज.

मी लगेच संदीपला फोन केला. तो रात्रीची बस धरून आला. सकाळी बापलेक समोरासमोर बसले. संदीप आधी चिडून बोलला, मग रडकुंडीला आला. "नाना, आवाज गेला तर गेला. मला आवाज नको. तुम्ही हवेत."

नानांनी त्याच्याकडे बघितलं. त्यांची फुसफुस त्या खोलीत मला स्वच्छ ऐकू आली. "तुझं बरं हाय. तुला पायजे ते राहायलंय."

संदीप उठून खिडकीशी गेला.   आपण प्रेमानं म्हणतो, तू फक्त राहा. पण ज्याला राहायचं आहे, तो कशासह राहणार, हे त्याला विचारत नाही.

त्या दिवशीही आम्ही रुग्णालयात गेलो नाही. नाना बाल्कनीत खुर्ची टाकून धुक्याकडे तोंड करून बसले. मी आत लॅपटॉपसमोर. काय करावं कळत नव्हतं, आणि हाताला सवय झाली होती ते करायला लागले. दुसऱ्याचा गळा ऐकवत नाही म्हणाले होते. मग गळाच नसलेलं काय आहे? सनई. संबळ. लग्नातल्या बँडचं क्लॅरोनेट. जुगलबंदीतली ढोलकी. शोधायला बसल्यावर कळलं की माणूस कुठे कुठे घुसलेला असतो. सनईच्या मधेच कुणी "वा" म्हणतं. ढोलकीवाला तोंडानं बोल म्हणतो. संबळाच्या मागे कुणी तरी लांबून हेल काढतं. मी एकेक तुकडा कानाला हेडफोन लावून ऐकला आणि माणसाचा आवाज आला तिथं कापत गेले. कापलेली टोकं अशी जोडायची की ठेका मोडू नये. काही जमलं, काही ठिकाणी थाप मधेच अडखळल्यासारखी झाली. संदीप मागे येऊन उभा राहिला. "काय करतेस?" मी म्हटलं, "माहीत नाही." तो शेजारी बसला आणि एक हेडफोन त्यानं कानाला लावला.

त्याच्या पुढच्या सकाळी आम्ही उठलो, तर नाना मफलर गुंडाळून, चपला घालून दाराशी बसले होते. आमच्यापैकी कुणी त्यांना पुन्हा चला म्हटलं नव्हतं. ते का आले, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. सीडीनं आले असंही नाही, ती त्यांनी ऐकलीच नव्हती अजून. संदीप मागे बसला. मी गाडी काढली, सीडी सरकवली.

बराच वेळ सनई वाजत होती. दिवे फक्त दोन हात पुढचं दाखवत होते. मग ढोलकी सुरू झाली. नाना माझ्याकडे वळले.

"ह्यात कुनी गात न्हाई."

"नाही."

"पहिल्यापासून न्हवतं, का तू काढलंस?"

"काही ठिकाणी काढलं."

ते पुन्हा समोर बघायला लागले. पुढच्या चौकात मी वळण घेत असताना त्यांनी बोट आवाजाच्या बटणाकडे नेलं आणि थोडा वाढवला. मागे संदीप नाक ओढत होता. उरलेले सगळे दिवस तीच एक सीडी वाजत राहिली. शेवटी तिला ओरखडे पडले आणि एका जागी ती उडी मारायला लागली. मी दुसरी केली.

शेक संपले. आवाज परत यायला उन्हाळा उजाडला. आला तो तोच नव्हता. खाली बसलेला, घोगरा, काठावर खरवडलेला. पण आवाज होता. नाना गावी गेले. यार्डात गेले की आता आडत्याच्या गादीवर टेकतात. हर्रास दुसराच पुकारतो. "कसा पुकारतो?" मी एकदा फोनवर विचारलं. "बरा हाय," ते म्हणाले, आणि बैलपोळ्याला येता का म्हणून विचारू लागले. लोकांनी त्यांना सांगितलं की देव पावला, जीव वाचला. ते हो म्हणतात. मला मात्र बरं झालेल्या माणसाची गोष्ट सांगताना अडखळायला होतं. काय वाचलं आणि काय गेलं, याचा हिशेब आम्ही आमच्या बाजूनं मिटवून टाकला. त्यांनी तो कधी मिटवला का, माहीत नाही. हल्ली हॉटेलात, लग्नात कुठे सनई लागली की मी मधला तो "वा" यायची वाट बघते.

या वर्षी धुकं जरा लवकर आलं आणि नानांचा खोकला जात नाही असा फोनही आला. दर काही महिन्यांची तपासणी असतेच, पण या वेळी डॉक्टर स्कॅन करू म्हणाले. मी त्यांना आणायला अंबाल्याला गेले. ट्रेन कितीतरी उशिरा आली. नाना डब्यातून उतरले, पिशवी मला घेऊ दिली नाही. मोहालीकडे येताना हायवेवर काही दिसत नव्हतं. मी गाणी लावू का विचारलं, तर म्हणाले, "नको. बोलायचंय."

मी गाडी हळू केली.

"मागल्या टायमाला मला कुनी सांगितलं न्हाई," ते म्हणाले.

"काय?"

"काय झालंय ते. गाठ हाय, शेक दिल्यावर जाती, म्हणले सगळे. पहिल्या दिवशी त्या दवाखान्याच्या पाटीवर हिंदीत वाचलं मी. कॅन्सर. तू पेपर घ्यायला खिडकीवर गेली हुतीस."

मी गाडी चालवत राहिले. मला वाटत होतं, संदीपनं सांगितलं असेल. संदीपला वाटत होतं, तिकडच्या डॉक्टरांनी सांगितलं असेल. आम्ही तो शब्द घरात उच्चारत नव्हतो, ते नानांना नको वाटतं म्हणून, अशी आम्हा दोघांची समजूत. आणि हा माणूस साडेसहा आठवडे माझ्या शेजारी बसून तो एकट्यानं सांभाळत होता.

"ह्या टायमाला काय निघालं, तर पहिलं मला सांगायचं. संदीपच्या आधी," नाना म्हणाले. "माझ्या अंगाचं हाय."

"सांगीन, नाना."

स्कॅनचा रिपोर्ट शनिवारी दुपारी फोनवर आला. संदीप गुरगावहून निघाला होता, वाटेत होता. मी तो वाचला, पुन्हा वाचला, डॉक्टरांना फोन करून विचारून घेतलं. नाना बाल्कनीत बसून मटार सोलत होते. धुकं जरा विरळ झालं होतं आणि फिकट ऊन त्यांच्या पायांपर्यंत आलं होतं. मी दुसरी खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसले.

"नाना, फुप्फुसात एक डाग दिसतोय. तिथं पसरलंय असं डॉक्टरांना वाटतंय. पक्कं करायला तुकडा काढून तपासावा लागेल."

त्यांच्या हातातली शेंग अर्धी उघडली होती. त्यांनी ती पूर्ण उघडली, दाणे वाटीत टाकले.  माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही.

"पन इलाज हाय का?"

"आहे. किती लागू पडेल ते आत्ता सांगता येत नाही, म्हणाले."

"बरं." त्यांनी हात धोतराला पुसले. "संदीपला फोन लाव."

"मी सांगू का त्याला?"

"न्हाई. मी सांगतो."

मी फोन लावून त्यांच्या हातात दिला. पलीकडे संदीपचा "हॅलो, मंजू?" ऐकू आला. नाना खुर्चीत सरळ झाले. मग त्या घोगऱ्या, खरवडलेल्या आवाजात, मधे एकदाही न थांबता, त्यांनी आपल्या मुलाला सगळं सांगितलं.